आईने सोडलेलं फळ

घरी आल्यावर पहिले दोन दिवस मी फक्त झोपते. यंदाही तोच बेत होता, पण तंजावरच्या आमच्या गल्लीत दुपारी झोप लागणं अवघड. राजवाड्याच्या बाजूने टाउन बस वळते आणि वळताना हॉर्न वाजवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. समोरच्या घराचं गच्चीचं काम चाललं होतं. वीज गेली की पंखा हळूहळू थांबत जायचा आणि त्याच्या पात्यांकडे बघत मी पडून राहायचे. नवरात्र लागलं होतं. आमच्याकडे या दिवसांत पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. आईने पायऱ्या मांडून ठेवल्या होत्या आणि माझी बॅग अजून त्यांच्याच पायथ्याशी, न उघडता पडली होती.

या खेपेला मी आईला न्यायला आले होते. फिरायला म्हणून नाही, माझ्याकडे राहायला. वडील गेल्यापासून ती या घरात एकटी आहे. तिच्यासाठी मी खोली लावली होती, जाड रजई आणली होती, कढीपत्ता कुठल्या दुकानात कुठल्या वारी मिळतो ते शोधून ठेवलं होतं. कागदपत्रांचं अर्धंअधिक काम झालं होतं. ती फोनवर "बघू" म्हणायची. मी त्याचा अर्थ हो असा धरला होता.

मी उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात राहते. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्या पंपांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत लिहिते. कुठला नट आधी सैल करायचा, कुठला शेवटी. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून ते मला जमलं. शाळेत माझी इंग्रजी आणि तमिळ होती, मराठी फक्त घरातल्या घरात. देवनागरी अक्षरं मी तिथे गेल्यावर मोबाइलवर गिरवून शिकले. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तंजावरात शरद ऋतू असा वेगळा कळत नाही. ऊन जरा थकतं, आणि खरा पाऊस अजून यायचा असतो. जर्मनीत मात्र तो फळांवरून कळतो. सप्टेंबर सरत आला की लोक आपल्या बागेतली जास्तीची फळं खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवतात आणि वर पुठ्ठ्यावर लिहितात, न्या. मला ती रीत फार सोयीची वाटली. कुणाशी काही बोलायला नको, हसायला नको, तुम्ही कुठल्या असं कुणी विचारणार नाही. ऑफिसातून येताना मी इकडेतिकडे बघून दोन-चार फळं पिशवीत टाकायचे. सफरचंद आणि पेअर सोडले तर बाकीच्यांची नावंही मला येत नव्हती.

पहिल्या वर्षी नदीकाठच्या झुडपांना लाल, लांबट फळं लागलेली दिसली. टोमॅटो आणि मिरची यांच्या मधलं काहीतरी. खरं तर ती जंगली गुलाबाची फळं. लोक तोडताना दिसले म्हणून मीही एक तोडून अख्खं तोंडात टाकलं. आत बिया आणि बियांना बारीक लव. रात्रीपर्यंत घसा खाजत होता. फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, दिसेल ते तोंडात घालायला तू लहान आहेस का? मागून वडिलांचा आवाज आला. त्यांनी एवढंच विचारलं, "कसं होतं?"

वडिलांची ती सवय होती. आजी गेल्यावर ते गयेला जाऊन आले होते. गयेला गेलं की एक फळ, एक भाजी आणि एक पान कायमचं सोडून यायचं असतं. जे आवडतं ते सोडायचं, असा नियम आहे, पण बहुतेक लोक हुशारी करतात. आमच्या एका नातेवाइकांनी कारलं सोडलं, जे ते जन्मात खात नव्हते. पापनाशमच्या माझ्या आत्याने सफरचंद सोडलं, कारण तोवर तिचे पुढचे दात गेले होते. वडिलांनी फणस सोडला. खरोखर आवडता फणस. उन्हाळ्यात हातगाड्या यायच्या तेव्हा ते स्वतः जाऊन गरे आणायचे, आमच्यासमोर ठेवायचे, आणि आम्ही खाताना विचारायचे, "कसा आहे?" आम्ही नुसतं "गोड" म्हटलं तर त्यांना पुरायचं नाही. आमच्या घरात चव नीट सांगायची शिस्त लागली ती अशी.

त्याच पहिल्या शरदात मला एका कुंपणावर जांभळं दिसली. निळीकाळी, वर पांढुरकी साय, अगदी आपल्या जांभळांसारखी. इतका आनंद झाला की मी मूठभर तोडली आणि दोन एकदम तोंडात टाकली. जीभ आणि टाळा यांची एकमेकांशी ओळख तुटल्यासारखं झालं. जांभूळही तुरट असतं, पण ते आधी काहीतरी देतं. हे नुसतंच घेत होतं. वडिलांना मी हे असंच सांगितलं आणि ते बराच वेळ हसले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर फोनवर काय बोलायचं ते आम्हा दोघींना कळेना. आई आणि मी सरळ बोलणाऱ्या नाही. जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, नाही. मी कामावरून येऊन कोट न काढता खुर्चीत बसायचे आणि तो फोन करायचा राहिलेला असायचा, भांडी घासायची राहावीत तसा. मग त्या शरदात फाटकाबाहेरच्या एका खोक्यात मला पिवळी, मोठी, बेढब फळं मिळाली. वर करडी लव, आणि वास असा की पिशवी खोलीत ठेवल्यावर सगळ्या खोलीला लागला. पेरू, लिंबू आणि देवघर यांचा मिळून असावा तसा. मला वाटलं पेरूचाच कुणी थोरला भाऊ असणार. शाळेबाहेर आम्हाला पेरू चिरून तिखटमीठ लावून मिळायचा. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्वयंपाकघरात ते फळ चिरायला घेतलं. सुरी अर्ध्यात अडकली. कशीबशी एक फोड काढून तिला तिखटमीठ लावलं आणि चावले. लाकूड. तुरट, आंबट लाकूड. चहा घ्यायला आलेले दोघे माझ्याकडे बघत होते. मी ती फोड तशीच चावत राहिले, कारण थुंकायचं कसं ते सुचेना.

त्या फळाचं नाव क्विन्स. ते कच्चं कुणी खात नाही. हे मला घरमालकीणबाईंनी सांगितलं. त्या खालच्या मजल्यावर राहतात, सत्तरीच्या असाव्यात, आणि त्यांना दिवसातून एकदा तरी कुणालातरी काहीतरी शिकवावं लागतं. त्यांनी मला बसवून फळ पुसायला लावलं, किसायला लावलं, साखर घालून ढवळायला लावलं. पिवळा कीस आधी फिकट झाला, मग गुलाबी, आणि ढवळून ढवळून दंड भरून आल्यावर विटेसारखा लाल. काहीच लाल न घालता. थंड झाल्यावर त्यांनी त्याच्या वड्या कापल्या.

ही गोष्ट मी आईला सांगितली. तिखटमिठाची, अडकलेल्या सुरीची, बघत राहिलेल्या दोघांची. मग तिने विचारलं, "कसं होतं?"

ती कधी असं विचारत नसे. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि नीट सांगायला लागले.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं ते फळांवरून. मी मुद्दाम शोधायला लागले. एक फळ मिळालं, चिक्कूएवढं, तपकिरी, खालून उघडं. ते झाडावरून काढून गवतावर पसरून ठेवतात, आणि ते काळं, मऊ, जवळजवळ सडल्यासारखं झालं की मगच खातात. मी पहिल्यांदा ते खराब झालं म्हणून फेकून दिलं होतं. घरमालकीणबाईंनी कचऱ्यातून परत काढायला लावलं नाही एवढंच. दुसऱ्या वेळी खाल्लं तर चिंच घातलेल्या चिक्कूसारखं लागलं. आई म्हणाली, सडल्यावर गोड होतं म्हणजे फारच शहाणं फळ. एकदा तुर्की माणसाच्या दुकानात केशरी फळ मिळालं, इतकं पिकलेलं की चमच्याने खावं लागलं. ते मी फोनसमोर धरूनच खाल्लं. पण ती परत परत त्या पहिल्यावर यायची. त्या वड्या पुन्हा केल्यास का? लाल होताना मध्ये कसा रंग येतो? आपल्या कोहळ्यासारखा कीस पडतो की बारीक?

मग मी म्हणायला लागले, तू ये, म्हणजे दाखवते. ती म्हणायची, बघू. मी दर आठवड्याला तिला एक फळ सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ये. गळाला आमिष लावावं तसं मी फळ लावत होते, हे तेव्हाही मला कळत होतं. दोन्हीकडची काळजी एकटीने वाहून मी दमले होते. ती माझ्याकडे आली तर निदान काळजीला एकच पत्ता राहील, असं वाटायचं.

या उन्हाळ्यात ती काका-काकूंबरोबर काशी-गयेला जाऊन आली. कुंभकोणमहून यात्रेचा जथा निघतो, त्यातून. वडिलांचं गयेचं कार्य काकांनी केलं. तिथून तिचा फोन आला, सगळं नीट झालं, फार ऊन आहे, एवढंच. तिने काय सोडलं हे मी विचारलं नाही. मी त्या दिवशी एका पंपाच्या पुस्तिकेत अडकले होते.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी आत्या पापनाशमहून आली, परसातल्या केळ्यांचा फणा घेऊन. बसमधून उतरल्यावर तिने आधी कंडक्टरला, मग रिक्षावाल्याला आणि मग आमच्या जिन्याला नावं ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गे ही दशा? तिथं जेवायला घालत नाहीत की तूच जेवत नाहीस?"

मी शेवटी बॅग उघडली आणि वड्यांचा डबा काढला. निघायच्या आधीच्या रविवारी त्या हंगामातल्या पहिल्या फळांच्या केल्या होत्या. या वर्षी घरमालकीणबाईंनी नुसतं बसून पाहिलं होतं, सगळं मीच केलं. आत्याने एक घेतली, वास घेतला, खाल्ली, आणि दुसरी घेतली.

"हलव्याला जवळ आहे. पण हलवा नव्हे. दातांना त्रास नाही, हे बरं."

मी डबा आईपुढे धरला. ती भिजलेले चणे निवडत होती. तिने हात पुढे केला नाही.

"मज नको."

मला वाटलं साखरेमुळे. मी म्हटलं, एक तुकडा खाल्ल्याने काही होत नाही. तेव्हा आत्या हसायला लागली.

"अय्यो, तुज माहीतच नाही? तिनं सोडलंय की ते. गयेला. भटजी विचारतात, फळ कुठलं, तर ही म्हणते, माझ्या लेकीच्या गावचं पिवळं फळ. त्यांना नाव कळेना, हिला सांगता येईना. तुझा काका तिथं कपाळाला हात लावून बसला." तिने पदराने डोळे पुसले. "हुशार आहे तुझी आई. अख्ख्या तंजावरात जे मिळत नाही ते सोडून आली. मज सुचलं असतं तर मीही सफरचंद वाचवलं असतं."

आई चणे निवडत राहिली. मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, मी ते परत परत दाबत राहिले.

सोडलेलं फळ कुठल्याच रूपात खायचं नसतं. वडी नाही, मुरंबा नाही, रस नाही. पण माझ्या डोक्यात ते नव्हतं. जिथे ते फळ पिकतं तिथे जाऊन राहायचं ज्याच्या मनात असेल, तो ते सोडून कशाला येईल?

आत्या जेवून आतल्या खोलीत आडवी झाली. आई शेगडीपाशी चणे शिजायला ठेवून पाटावर बसली. रोज संध्याकाळी बायका गोलू बघायला येतात, त्यांच्यासाठी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ, करायची होती. मी खोबरं खवायला घेतलं. कुकरची पहिली शिट्टी झाली.

"तू येणार नाहीस," मी म्हटलं.

"नाही."

"मग बघू, बघू का म्हणत होतीस?"

तिने कुकरकडे बघितलं. "नको म्हटलं असतं तर तू फळं सांगायची थांबली असतीस."

ते खरं होतं. मी थांबले असते.

"तिथं मी काय करू गे?" ती म्हणाली. "तू ऑफिसला जाशील. मी खिडकीत बसून तुझी वाट बघेन. ते मी इथं बसून करतेंच की. इथं निदान भाजीवाली ओरडते माझ्या अंगावर." मग जरा थांबून, "फोनवर हे तुज सांगता येईना. म्हणून गयेला सांगून आलें."

"पण तेच फळ का? आत्याला वाटतं तू हुशारी केलीस."

"तिज वाटू दे." तिने गॅस बंद केला. "आवडीचं सोडायचं असतं. तुझ्या अप्पांच्या नावानं सोडायचं, तिथं खोटं कसं करू? भटजी विचारत होते, आणि मज दुसरं काही आठवेना. आंबा आठवला, पण तो काय, आहे तर आहे. ते पिवळं फळ मी रोज बघत होतें, कण्णा. लाल होताना बघत होतें."

मी खोबरं खवत राहिले. करवंटी लागायला आली होती. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. खांद्यावरून काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं, आणि ठेवल्यानंतरच तो खांदा किती दुखत होता ते कळलं. त्याची मला लाज वाटली नाही. तेवढा उत्साहही उरला नव्हता. रजईचा विचार आला. ती आता मीच वापरीन.

"आण तो डबा," आई म्हणाली. "एक खा. सांग कसं आहे ते."

"कितीदा सांगितलंय तुज."

"फोनवर सांगितलंस. समोर बसून नाही."

मी डबा आणला आणि तिच्यासमोर बसून एक वडी घेतली. कडा वाळल्या होत्या, साखर जरा सुटली होती. मी घाई केली नाही. वडिलांना घाई केलेली चालत नसे.

"आधी गोड," मी म्हटलं. "नुसतं गोड. चावलं की पेरूचा वास येतो, पण पेरू नाही. जरा रवाळ आहे. मग आंबट, अगदी थोडं. शेवटी जीभ तुरट होते."

"फार?"

"फार नाही. पण राहतं ते. पाणी प्यायलं तरी राहतं."

तिने मान हलवली, जसं काही तिच्याही तोंडात ते राहिलं होतं. मग उठून कुकरचं झाकण उघडलं आणि एक चणा बोटांत दाबून बघितला.

संध्याकाळी बायका आल्या. वडील गेल्यापासून आई स्वतः कुणाला कुंकू लावत नाही. मी तिला म्हटलं होतं लाव, कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, मज नको वाटतं. म्हणून मी घरी असले की ते माझ्याकडे येतं. माणसांसमोर उभं राहून त्यांच्या कपाळाला हात लावायचा, हे मला कधीच नीट जमलेलं नाही. कुंकू नाकावर पडतं. त्या दिवशीही पडलं. विडा, केळं आणि सुंडल देताना मी प्रत्येकीच्या हातात एक वडी ठेवत गेले. डबा मागे घेऊन जाण्यात काही अर्थ नव्हता.

पलीकडच्या घरातल्या शेजारीणबाईंनी, आम्ही त्यांना मामी म्हणतो, तमिळमध्ये विचारलं, आईला कधी नेतेस? हा प्रश्न मी आल्यापासून जो तो विचारत होता, आणि मी प्रत्येक वेळी हसून, कागदपत्रं चाललीत, असं म्हणत होते.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "ती इथेच राहणार आहे."

मामींनी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. आई गोलूच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. तिने एका बाहुलीचा तिरपा झालेला पदर सरळ केला. आत्या काहीतरी बोलणार होती, पण तिच्या तोंडात सुंडल होतं.

मामींनी मग वडी उलटसुलट करून बघितली. हे कसलं, त्यांनी विचारलं, आमच्यात चालतं ना? मी नाव सांगायला तोंड उघडलं, पण आईने त्याआधीच सांगायला सुरुवात केली होती. तमिळमध्ये, सावकाश, हाताची बोटं एकमेकांवर घासत. मुळात पिवळं असतं, ती म्हणाली, शिजता शिजता आपोआप लाल होतं. आधी नुसतं गोड लागतं. मग पेरूचा वास येतो, पण पेरू नव्हे. शेवटी थोडं तुरट, ते बराच वेळ राहतं.

"तुम्ही खाल्लंत वाटतं पुष्कळ," मामी म्हणाल्या.

"लेकीनं आणलंय," आई म्हणाली. "खाऊन बघा."